हवेच्या नळ्या आणि चहा नाकारणारी माणसं

सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. वोल्फ्सबुर्ग. मुलीचं भाड्याचं घर. मार्च महिना, बाहेर बोचरी थंडी. दाराची बेल वाजली.

इथपर्यंत सगळं निर्विवाद आहे. यापुढचं मात्र आमच्या नातेवाईकांनी इतकं तिखटमीठ लावून पसरवलंय की मला, एका निवृत्त पत्रकाराला, स्वतःच खुलासा करणं भाग आहे. परवा एका लग्नात अक्षता हातात घेऊन उभा होतो, तर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्हाला जर्मनीत अटक झाली होती ना?"

मला अटक? अहो, अटक मी केली होती! दोघांना! फजिती झाली, मान्य आहे. पण निदान ती खरी कशी झाली ते तरी ऐका.

तर मुलगी केतकी आणि जावई दोघेही तिकडे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तिथल्या नव्या घरांची एक तऱ्हा असते. खिडक्या इतक्या घट्ट की बाहेरचा वारा आत येणं अशक्य, म्हणून मग छतातून नळ्या फिरवून यंत्रानं हवा आणायची. म्हणजे आधी हवा बंद करायची आणि मग तिला मागच्या दारानं बोलवायचं! हा कुठला शहाणपणा, असं मी जावयांना रोखठोक विचारलं. ते "हो बाबा" म्हणाले आणि कामानिमित्त तीन दिवसांसाठी ड्युसेलडॉर्फला निघून गेले.

त्या नळ्यांत धूळ साचली होती आणि आमची चार वर्षांची नात रेवा शिंकून शिंकून बेजार झाली होती. नाक चोंदलेलं, डोळे लाल, झोप नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं नंतर, आधी नळ्या साफ करा. केतकी दिवाळीपासून घरमालकाच्या मागे लागली होती, तेव्हा कुठे मार्चमधला टर्मिन मिळाला. टर्मिन म्हणजे ठरवून दिलेली वेळ. त्या देशात टर्मिन घेतल्याशिवाय माणूस आजारीसुद्धा पडत नाही.

रेवाला किंडरगार्टनला सोडायला निघता निघता केतकीनं मला बजावलं, "बाबा, नऊ ते अकराच्या मध्ये लोक येतील. दार उघडा, आत घ्या, वाद घालू नका."

"मी कधी वाद घालतो?"

स्वयंपाकघरातून आमची ही नुसती खाकरली.

"बाबा, हा टर्मिन हुकला ना, तर पुढचा थेट पुढच्या दिवाळीत. तोवर रेवानं असंच शिंकत बसायचं का? प्लीज!"

मायलेकी गेल्या आणि पाचच मिनिटांत ती बेल वाजली.

दारात एक गृहस्थ. साठीच्या आसपासचे, जाड मिशा, निळा डगला, एका हातात बादली आणि ब्रश, मागे चाकांवरचा व्हॅक्यूम क्लीनर. नऊची वेळ होती आणि हे आठलाच हजर! मी मनातल्या मनात पाठ थोपटली. याला म्हणतात शिस्त. त्यांनी छताकडे बोट दाखवलं, मी मान हलवली. आणि मग त्यांनी जे केलं त्यानं मी जिंकलोच गेलो. त्यांनी दाराबाहेर चपला... म्हणजे बूट काढले! न सांगता! मोजे नीट वर ओढले आणि उजवं पाऊल आत टाकलं.

"बघितलंस?" मी हिला म्हटलं. "याला म्हणतात संस्कार."

"चहा टाकते," ही म्हणाली.

काय काम केलं म्हणता त्या माणसानं! खोलीखोलीतल्या छताच्या जाळ्या काढल्या, टबमध्ये घासून धुतल्या, नळ्यांत हात खांद्यापर्यंत घालून ब्रश फिरवला. खाली तळघरात कपडे वाळवायच्या ड्रायरची जाड नळी भिंतीतून बाहेर जाते, तीही मोकळी केली. तिच्यातून धाग्यांचा आणि केसांचा असा बोळा निघाला, की मला क्षणभर वाटलं शेजाऱ्यांचं मांजरच सापडलं.

मध्ये चहा झाला. आल्याचा. त्यांनी दुसरा कप मागून घेतला. चकल्या खाल्ल्या. मी इंग्रजीतून त्यांना घट्ट खिडक्यांबद्दलचं माझं मत ऐकवलं. ते म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मग नगरपालिका, कंत्राटदार, आजकालची पत्रकारिता यांवर बोललो. प्रत्येक वाक्याला गेनाऊ! उभ्या हयातीत माझ्याशी इतका सहमत झालेला माणूस मी पाहिला नव्हता. संपादक नाही, बायको तर नाहीच नाही.

तासाभरानं त्यांनी जाळ्या परत बसवल्या, हिला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं, बूट घातले आणि गेले. मी कृतकृत्य होऊन पेपर उघडला.

साडेनऊ वाजता पुन्हा बेल.

या वेळी दोघं होते. एक ताडमाड तरुणी, हातात काळी पेटी, आणि तिच्याबरोबर एक टकलू पुरुष, खांद्यावर सोंडेसारखा पाइप. तरुणी इंग्रजीत म्हणाली, "हवेच्या नळ्या साफ करायला आलोय."

"झाल्या साफ," मी म्हटलं.

"कोणी केल्या?"

"तुमच्याच माणसानं."

"आमची माणसं म्हणजे आम्हीच."

आता तुम्हीच सांगा, पत्रकाराचे कान टवकारणार नाहीत? झालेलं काम पुन्हा करायला आलेली टोळी! असल्या किती टोळ्या मी उघड्या पाडल्या असतील. तरी शांतपणे म्हटलं, या, चहा घ्या.

"नको."

"अर्धा कप?"

"नको, थँक यू."

संपलं! माझा अनुभव ऐका. जो अधिकारी आपल्या केबिनमध्ये चहा नाकारतो, त्याच्या खणात काहीतरी असतंच. वर या दोघांनी बूट काढलेच नाहीत. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. मग हातमोजे. मग तोंडाला मास्क.

"बघ," मी हिच्या कानात कुजबुजलो, "पायाचे ठसे नकोत, हाताचे ठसे नकोत, चेहराही नको!"

"अहो, धुळीचं काम आहे."

"धूळ? धूळ सकाळीच गेली!"

तरुणीनं विचारलं, मुख्य यंत्र कुठे आहे? मी अत्यंत अदबीनं म्हटलं, तळघरात, चला ना. ते दोघे पुढे, मी मागे. ते आत शिरले. मी बाहेरून दार ओढलं आणि किल्ली फिरवली.

तुम्ही म्हणाल, लगेच पोलिसांना फोन केला असेल. छे! पोलीस नंतर, आधी बातमी! व्हॉट्सअॅप मी नुकताच शिकलो होतो. दारात वाकून पिशव्या चढवणाऱ्या त्या दोघांचा फोटो मी गुपचूप काढून ठेवलाच होता. तो आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'जर्मनीत बोगस सफाई टोळी जेरबंद. पुण्याच्या ज्येष्ठ पत्रकाराची कामगिरी.' अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला! आमचा भालेराव तेव्हाही नोकरीत होता. त्याचा तिथल्या तिथे फोन आला.

"साहेब, वेबसाइटवर चढवू?"

"विचारतोस काय?"

इकडे खालून दारावर धडका.

"अहो, ते हाका मारतायत," ही म्हणाली.

"मारू देत."

"गुदमरले बिदमरले म्हणजे?"

"गुदमरतील कसे? हवेचं यंत्रच त्यांच्याजवळ आहे!"

"तुम्हाला ना, घरात एकटं ठेवायची सोय नाही."

"तू आहेस की घरात!"

"माझं कोण ऐकतंय?"

तेवढ्यात घरातला फोन वाजला. केतकी. आवाज इतका बारीक की मला वाटलं रेवाच बोलतेय.

"बाबा... तळघराचं दार चुकून लागलंय का?"

"चुकून नाही. मी लावलंय."

"बाबा! त्या बाईनं आतून तिच्या ऑफिसला फोन केला. ऑफिसनं घरमालकाला. घरमालकानं मला, भर मीटिंगमध्ये. ते लोक खरे आहेत, बाबा! त्यांचाच टर्मिन होता!"

"मग सकाळी आठला आलेला कोण?"

"कोण आलेलं सकाळी आठला?"

"ते मला नंतर सांगा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दार उघडा आणि माफी मागा. ते तसेच निघून गेले, तर रेवाचं काय, ते तुम्हीच तिला समजवा."

मी जिना उतरलो. कशाकशाची आठवण झाली त्या पायऱ्यांवर! ज्यांच्याकडून मी माफीनामे छापून घेतले ते सगळे नजरेसमोर आले, आणि सगळे हसत होते. दार उघडलं. तरुणी वॉशिंग मशीनवर बसून सँडविच खात होती. टकलूनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि इंग्रजीत म्हणाला, "या धंद्यात मला कुत्रे चावलेत. कुलूप घालून ठेवणारे तुम्ही पहिलेच."

मी हात जोडले. ही माझ्या मागून ताटली घेऊन आली आणि एकही शब्द न बोलता दोघांपुढे चकल्या धरल्या. तरुणीनं मास्क खाली ओढून एक उचलली. मग दुसरी. टकलूनं घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पेटी उघडली. टर्मिन वाचला! आमच्या हिनं वाचवला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

आता पुढचं नीट ऐका. त्यांनी रेवाच्या खोलीतली जाळी काढली. स्वच्छ. आमच्या खोलीतली काढली. स्वच्छ. मग पेटीतून लांब वायरीच्या टोकाला लावलेला कॅमेरा काढून नळीत सोडला. पडद्यावर नळी अशी चकाकत होती जशी हिची दिवाळीतली पितळी भांडी. तळघरात गेले, ड्रायरची नळी पाहिली. आरपार मोकळी.

टकलू तरुणीशी जर्मनमध्ये बराच वेळ बोलला. मग ती माझ्याकडे वळली.

"आम्हाला इथे करायला काही उरलेलंच नाही. हे ज्यांनी केलंय त्यांना आम्ही उद्या कामावर घेऊ. त्यांचं नाव काय?"

नाव.

उभा जन्म मी मंत्र्यांना, गुंडांना, हवालदारांना पहिला प्रश्न नावाचा विचारत आलो. ज्या पोराच्या बातमीत नाव नसेल ती बातमी त्याच्या तोंडावर फेकली. आणि हा माणूस तासभर माझ्या घरात होता, माझ्या मुलीच्या नळ्यांत खांद्यापर्यंत हात घालून होता, आणि मी त्याला अख्ख्या तासात एकच प्रश्न विचारला होता. साखर किती?

भालेरावला मी खुलासा पाठवला. तो त्यानं बातमीपेक्षा मोठ्या अक्षरांत लावला. हरामखोर!

केतकीनं नंतर सगळीकडे विचारलं. घरमालक म्हणाले, माझा माणूस नव्हे. कंपनी म्हणाली, आमचा नव्हे. गल्लीतल्या कुठल्याच घरी तसा कोणी येणार नव्हता, आणि कोणाच्या घरून काही गेलंही नव्हतं. रेवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठली ती एकदाही न शिंकता, आणि आजीला विचारू लागली की तू सांगितलेले मिशीवाले आजोबा परत कधी येणार. तेही जर्मनमध्ये.

नळ्या साफ झालेल्या आहेत, याला कॅमेऱ्याचा पुरावा आहे. त्या साफ करणारा माणूस कोण होता आणि त्याला कोणी पाठवलं होतं, याचं उत्तर वोल्फ्सबुर्गमध्ये आजतागायत कोणीही दिलेलं नाही.