जन्मसालाची नाणी

आमची पलटण उंचावरच्या पोस्टवर गेली तेव्हा मी लान्स नायक होतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. पोस्टवर आमचं सेक्शन, दहा माणसं. सेक्शन कमांडर हवालदार सावंत, कोकणातले. त्यांच्या हाताखाली नायक शिवदास, धुळ्याच्या देवपूरचा. मी भडगावचा. दोघंही खानदेशी, त्यामुळे आमचं बोलणं अहिराणीत चालायचं. बाकीच्यांना निम्मं कळायचं आणि ते हसायचे.

रोजचा दिवस ठरलेला. सकाळी साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर. सातला वायरलेस सेटवर खालच्या बेसला रिपोर्ट. मग बर्फ काढायचा, रॉकेलचे जरिकॅन ओढायचे, दोर तपासायचे. दुपारी बंकरमध्ये स्टोव्हभोवती बसायचं. अशा वेळी शिवदास आपला पत्र्याचा डबा काढायचा. खोकल्याच्या गोळ्यांचा, तळहाताएवढा. त्यात सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या नावाचं एक नाणं होतं.

ज्याचं जे जन्मसाल, त्या सालाचं नाणं. भारी काही नाही. दोन पैसे, पाच पैसे, दहा पैसे. चहाच्या टपरीवर, कँटीनमध्ये सुटे मिळाले की तो आधी साल वाचायचा. नवा माणूस सेक्शनमध्ये आला की पहिला प्रश्न, "जन्म कधीचा? शाळेतली तारीख नको, खरी सांग." आमच्यातल्या निम्म्यांची वयं गुरुजींनी अंदाजाने लावलेली. एकाला तर त्याने घरी पत्र लिहायला लावलं. आईचं उत्तर आलं आणि कागदोपत्री वयापेक्षा तो दीड वर्षाने लहान निघाला. शिवदासने नाणं बदललं.

मी एकदा विचारलं, "कसाले करस रे हाई?"

तो म्हणाला, "बदली झायी का मानसं पांगतस, भाऊ. हाई नाणं मांगे ऱ्हास."

सावंतसाहेबांचं नाणं मिळवताना मी बरोबर होतो. ते आमच्यात वयाने मोठे, नवे पैसे सुरू होण्याआधी जन्मलेले. त्यांच्या सालाचा घोड्याचा पैसा हवा होता आणि तो केव्हाच चलनातून गेलेला. पोस्टवर चढण्याआधी आम्ही दोघं एकत्र रजेवर निघालो. जळगाव स्टेशनवर उतरलो. तिथून त्याला धुळ्याची एसटी धरायची होती, मला भडगावची. वर्षाने घरी चाललेला माणूस, पण स्टँडवर जायच्या ऐवजी मला बाजारात घेऊन गेला.

पाचव्या दुकानात एक मारवाडी शेठ भेटले. किराणा आणि डाळींचं दुकान. तराजूची पारडी सारखी करायला त्यांनी जुनी नाणी एका खणात ठेवलेली. शिवदास ट्रंकेवर बसून एकेक पैसा बाहीने पुसू लागला. अर्ध्या तासाने त्याला हवा तो मिळाला.

"शेठ, याचे किती द्यायचे?"

"फौजी, याचं आता चिमूटभर मीठ येत नाही. काय करणार घेऊन?"

"आमच्या हवालदारसाहेबांच्या जन्माच्या सालाचा आहे."

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब चांगले आहेत का?"

"कडक आहेत."

"मग घेऊन जा," शेठ म्हणाले, आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय उठू दिलं नाही. शिवदासची दुपारची एसटी चुकली ती चुकलीच.

रजेहून परत आल्यावर त्याने तो पैसा सावंतसाहेबांना दाखवला. साहेबांनी उलटसुलट करून पाहिला. "घोडा बरा आहे," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्यांसाठी चहा केला. असं आधी कधी झालं नव्हतं.

हिवाळ्यात आमचा एक माणूस आजारी पडून खाली गेला. त्याच्या जागी शिपाई नामदेव आला, साताऱ्याकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. शिवदासने त्याचं साल विचारून घेतलं, पण नाणं मिळेना. वर ना दुकान, ना चिल्लर. "थांब," तो नामदेवला म्हणाला, "रजेवर गेलो की आणतो."

सहा आठवड्यांनी हिमवादळ लागलं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी उघडीप झाली. सकाळी सातचा रिपोर्ट दिला. सात वाजून वीस मिनिटांनी नामदेव रॉकेल आणायला स्टोअरच्या झोपडीत गेला आणि वरच्या उतारावरून बर्फ सुटला. मोठा आवाज झाला नाही. मी वळून पाहिलं तर झोपडी दिसत नव्हती.

शिवदास फावडं घेऊन धावला. मी मागे. सावंतसाहेब सेटवर गेले. त्यांचा आणि बेसचा आवाज मला ऐकू येत होता.

"एक माणूस बर्फाखाली. खोदकाम चालू. ओव्हर."

"उतार कच्चा आहे. दुसरी स्लाइड येईल. सगळ्यांना मागे घ्या. ओव्हर."

"अजून पाच मिनिटं. ओव्हर."

"मागे घ्या. ओव्हर."

साहेबांनी हँडसेट खाली ठेवला आणि तेही फावडं घेऊन आले.

झोपडीच्या बाजूचा पत्रा लागला. शिवदासने तो वाकवून आत शरीर घातलं. मी त्याच्या कमरेचा दोर धरला होता. सात बावन्नला नामदेवचे हात बाहेर आले. आम्ही त्याला ओढून काढलं, तो श्वास घेत होता. शिवदास आतून ओरडला, "त्याले लई जा!" मी दोर साहेबांकडे दिला आणि नामदेवला खांद्यावर घेऊन निघालो. वीस पावलं गेलो असेन. मागे दुसरी स्लाइड आली. तिने साहेबांना फेकून दिलं. दोर त्यांच्या हातातून सुटला.

आम्ही साडेअकरापर्यंत खोदत होतो. शिवदास सापडला तेव्हा त्याच्या एका हातात फावडं होतं.

महिन्याभराने मला रजा मिळाली. सावंतसाहेबांनी डबा रुमालात बांधून माझ्याकडे दिला. "आईच्या हातात दे. पोस्टाने नको."

देवपूरला मी दुपारी पोचलो. शिवदासच्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची. वडील आधीच गेलेले, घरात अक्का आणि शिवदासचा धाकटा भाऊ. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी नाणी पदरावर ओतली आणि एकेक उचलून विचारू लागल्या, "हाई कोनं शे?"

मी सांगत गेलो. हे माझं, हे सावंतसाहेबांचं. कोण घोरतो, कोण पत्र लिहिताना रडतो, कोणाला पोहे लागतात. अक्का दोनदा हसल्या. शेवटी एक चौकोनी पाच पैसे उरले, साठ सालचे. ते कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही.

"जो वाचना, त्यानं कोनतं?"

"त्याचं सापडलं नव्हतं, अक्का."

त्यांनी बाकीची नाणी डब्यात भरली. मग ते चौकोनी नाणं माझ्या हातावर ठेवलं. "हाई त्याले दी टाक. बाकीनं ज्यानं त्याले देजो."

"अक्का, हे तुमच्याकडे राहू द्या. नामदेवचं मी बाजारात शोधतो."

"मन्हाकडे त्याना आख्खा जलम शे," अक्का म्हणाल्या. "त्याले दे."

परत गेल्यावर मी नाणी वाटली. तोपर्यंत आम्ही खाली बेसला आलो होतो. प्रत्येकाने आपलं घेतलं. नामदेवने साल वाचलं.

"हे माझं नाही."

"नायकसाहेबांचं आहे. अक्कांनी दिलंय."

नामदेव नाणं पगाराच्या पे-बुकात ठेवून तंबूबाहेर गेला. अर्ध्या तासाने आत आला आणि अक्कांचा पत्ता मागितला.

पुढे माणसं पांगली. सावंतसाहेब पेन्शनवर गेले. मी नव्वदच्या दशकात हवालदार म्हणून घरी आलो. अक्का गेल्याचं मला उशिरा कळलं, तेराव्याला देवपूर गाठलं. ओट्यावर शिवदासचा धाकटा भाऊ बसला होता, मुंडण केलेलं. त्याच्या शेजारी नामदेव, तेव्हा तो स्वतः नायक झालेला. त्याचंही डोकं केलेलं. तार मिळताच तो युनिटमधून निघाला होता आणि दहाव्यालाच पोचला होता. जेवणं सुरू झाली तसा तो उठून पंक्तीत पाणी वाढू लागला. परगावच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने त्याला विचारलं, "तुम्ही अक्कांचे कोण?"

नामदेवने तांब्या खाली ठेवला.

"शिवदासचा भाऊ," तो म्हणाला.