मोठ्या जावयाचं मशीन

मनोज आहेर हा माणूस तसा वाईट नाही. नाशिकच्या पवननगरात कुणालाही विचारा. मिक्सरचं भांडं गळतंय म्हणून एखादी म्हातारी आली, तर नवं रबर बसवून देईल आणि वर तिला चहा पाजेल. अंबडच्या कंपनीत फिटर होता. नोकरी सोडून त्याने हे दुकान टाकलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. आधी नुसती दुरुस्ती, मग मिक्सर-कुकर, मग पंखे, कूलर, घरघंटी. कष्टाळू माणूस, हातात कला. फक्त समोरच्या दुकानाकडे बघितलं की त्याचं डोकं फिरतं.

समोरचं दुकान ललितचं. ललित म्हणजे त्याचा साडू. मनोजची बायको सरिता तिघी बहिणींत मोठी, ललितची बायको हर्षाली मधली आणि सगळ्यांत धाकटी पूजा. आता गंमत बघा, ललितला नांदगावहून नाशिकला आणलं कोणी? मनोजने. समोरचा गाळा कोणी बघून दिला? मनोजनेच. तेव्हा छाती फुगवून सांगत होता, "आपला साडू हाय, डोळ्यासमोर राहील." राहिला की डोळ्यासमोर! आठ वर्षांत ललितने एकाचे दोन गाळे केले, काचेचं दार बसवलं, आत फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या रांगा लावल्या. मनोज रोज सकाळी शटर वर करतो आणि वळून पहिलं काय बघतो, तर ते काचेचं दार.

त्यात ललितने कार्ड घासायचं मशीन घेतलं आणि त्याच्यासोबत ते बोलणारं डबडं आलं. गिऱ्हाइकाने पैसे भरले की डबडं ओरडायचं, "चार हजार दोनशे रुपये मिळाले." गल्ली एवढी अरुंद, की अर्धं वाक्य मनोजच्या काउंटरवरच येऊन पडायचं. मनोज हातातला स्क्रूड्रायव्हर थांबवून ऐकायचा. संध्याकाळी जेवताना सरिताला सांगायचा, "आज अकरा वेळा बोंबललं ते."

"तुम्ही मोजत बसता?" सरिता विचारायची.

"मोजतो कशाला? कानावर येतं."

मनोजकडे नुसता क्यूआरचा कागद होता, तोही उन्हाने पिवळा पडलेला. कुणी कार्ड पुढे केलं की तो कोपऱ्यावरच्या एटीएमकडे बोट दाखवायचा. गेलेलं गिऱ्हाईक परत येताना बरेचदा समोरच्या काचेच्या दारात शिरायचं. हे बघून माणसाच्या पोटात दुखणार नाही तर काय होईल!

खरं तर ललितने ते मशीन काही हौसेने उचललेलं नव्हतं. महिनाभर वही घेऊन फिरत होता पठ्ठ्या. ज्या ज्या दुकानात मशीन आहे तिथे जाऊन विचारायचा, पैसे खात्यात दुसऱ्या दिवशी पडतात की नाही, क्रेडिट कार्डावर किती कापतात, डेबिटवर किती, मशीन बिघडलं तर माणूस येतो की नुसतं रेकॉर्ड वाजतं. एका बँकेच्या मदत क्रमांकावर तर त्याने मुद्दाम रविवारी दुपारी फोन लावून बघितला. पलीकडे जिवंत माणूस बोलला, तेव्हा कुठे त्याने त्या बँकेत सही केली. मनोज तेव्हा पानाच्या टपरीवर उभा राहून सगळ्यांना हसवत होता, "साडू आमचा मशीन घेतोय का सोयरीक जमवतोय?"

मार्चमध्ये पूजाचं लग्न ठरलं. पूजा अंबडलाच एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, स्वतःच्या पगारावर उभी असलेली मुलगी. तिने मनोजला फोन केला.

"दाजी, संसाराचं सामान मी माझ्या कार्डावर घेणार आहे. बाबांना खर्चात पाडायचं नाही. आणि मोठे जावई तुम्ही, म्हणून तुमच्याच दुकानातून घ्यावं असं मनात आहे. कार्ड चालतं ना तुमच्याकडे?"

"चालतं?" मनोज म्हणाला, "अगं, पळतं!"

फोन ठेवला आणि त्याला घाम फुटला. पूजा रविवारी येणार होती. आज मंगळवार.

हे आंदण म्हणजे मनोजसाठी नुसता धंदा नव्हता. त्यांच्याकडे पद्धत अशी, की नवरीच्या सामानाचा टेम्पो दुकानाचा बॅनर लावून गावात येतो, मांडवात सामान मांडतात, सगळं गाव बघून जातं आणि माइकवर नाव पुकारतात. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चांदवडजवळच्या सासरवाडीत पुरणपोळी आणि आमरस वाढता वाढता सासरे, पुंजामामा, सहज बोलून गेले होते, "काही म्हणा, दुकान असावं तर ललितरावांसारखं." मनोजच्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवसापासून तो धुमसत होता. मामांच्या दारात आपला बॅनर लावलेला टेम्पो उभा करायचा आणि माइकवर आपलं नाव ऐकायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"समोर जाऊन ललितरावांना विचारा ना," सरिता म्हणाली. "त्यांनी सगळं पारखून घेतलंय. दोन मिनिटांचं काम."

"त्याला विचारू? त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावीन."

"लावा मग."

बुधवारी लखन नावाचा एजंट आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर बॅग आणि जिभेवर साखर. कंपनीचं नाव मी घेत नाही, आजही ते घेतलं की मनोजच्या कपाळावर आठी पडते. लखन म्हणाला, सहा महिने भाडं नाही, कापाकापी नाही, उद्या मशीन हातात. दुसरा कुणी असता तर त्याने विचारलं असतं, सहा महिन्यांनंतर काय? पैसे कधी येणार? अडचण आली तर फोन कुणाला? मनोजने रस्त्यापलीकडे मान वळवली आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या डब्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा हाय का?"

लखनने डबा काउंटरवर ठेवला, बटण दाबलं. असा काही कडाडला तो, की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली बाई बाहेर आली. मनोजचा चेहरा खुलला. मोबाइलवर काही आकडे आले, लखनने मागितले, मनोजने ते वाचून दाखवले. झाला करार! अठरा वर्षं बारीक स्क्रूचे आटे तपासून घेणारा माणूस, त्याने एक ओळ वाचली नाही.

रविवारी पूजा आली. फ्रीज, वॉशिंग मशीन, घरघंटी, कपाट, कूलर, मिक्सर. मनोजकडे मोठ्या वस्तू नव्हत्या, पण त्याने यादी करून दिली आणि सांगितलं की ठोक व्यापाऱ्याकडून चार दिवसांत येतील. पूजाने कार्ड लावलं. मग डबा गरजला, "ब्याण्णव हजार चारशे रुपये मिळाले!" समोर ललित गिऱ्हाइकाला इस्त्री दाखवत होता, त्याने मान वर करून बघितलं आणि हात हलवला. मनोजला वाटलं, जळला! त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

सोमवारी खात्यात पैसे नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी मोबाइलवर एक ओळ दिसली, रक्कम तपासणीसाठी थांबवली आहे. लखनचा फोन बंद. कंपनीच्या क्रमांकावर एक बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा सांगत राहिली आणि शेवटी फोन कट झाला. ठोक व्यापारी म्हणाला, भाऊ, पैसे टाक, माल उचल. मनोजच्या गल्ल्यात आणि खात्यात मिळून कपाटाचेसुद्धा पैसे निघेनात. लग्न रविवारी. टेम्पो शनिवारी निघायला हवा. पूजाच्या कार्डावरून पैसे गेलेले, इथे आलेले नाहीत आणि सामानाचा पत्ता नाही.

गुरुवारी संध्याकाळी सरिताने त्याच्यापुढे चपला आणून ठेवल्या.

रस्ता ओलांडायला मोजून बारा पावलं. मनोजला ती चांदवडचा घाट चढल्यासारखी वाटली. आपल्याला टोमणा कुठल्या शब्दांत बसेल, हे तो वाटेतच जुळवत होता. "ऐकवलं असतं तर बरं झालं असतं," असं त्याने मला पुढे स्वतः सांगितलं. कारण ललितने काहीच ऐकवलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, मनोजचा मोबाइल घेतला आणि करार उघडून चष्मा लावून वाचायला बसला. ओळ न् ओळ.

"मनोजभाऊ," तो हळूच म्हणाला, "यात तुमचं दुकान किराणा लिहिलंय."

"काय?"

"किराणा. लवकर मंजूर होतं म्हणून त्या एजंटने टाकलं असणार. आता किराण्याच्या दुकानात एका झटक्यात ब्याण्णव हजार आले, तर त्यांना शंका येणारच ना! शिवाय मशीन तीन वर्षं परत करता येणार नाही, आणि सहा महिन्यांनी भाडं सुरू."

मनोजने कपाळाला हात लावला. ललितने शॉप अ‍ॅक्टचा कागद, पूजाचं बिल आणि व्यवस्थित लिहिलेला अर्ज असं सगळं त्याच्याकडून त्याच रात्री कंपनीला पाठवून घेतलं. ते पैसे पुढे अकराव्या दिवशी सुटले, त्यातही कापाकापी झालीच. मशीनपासून मात्र भांडून, तक्रारी करून सुटका करून घ्यावी लागली. हल्ली मनोजकडेही ललितच्याच बँकेचं मशीन आहे. घ्यायच्या आधी त्याने रविवारी दुपारी मदत क्रमांकावर फोन लावून बघितला, दुकानाच्या मागे जाऊन, कुणी बघू नये म्हणून. लोकांना सांगतो, मी स्वतः शोधून काढलं.

पण त्या गुरुवारी पैशांचं सोडा, सामानाचं काय? ललित उठला, रांगेतल्या फ्रीजवर हात ठेवला.

"सामान हाय की इथं. यादीतलं सगळं हाय. तुमचे पैसे सुटले की बघू. शनिवारी टेम्पो लावतो."

"आणि बॅनर?" मनोजच्या तोंडून निघून गेलं. काय माणूस हो! गळ्याशी आलं होतं, तरी बॅनर सुचला.

"तुमचाच लावायचा. पूजाने तुमच्याकडून घेतलंय ना?"

माणसाने आभार मानावेत की नाही? मनोजने मानलेही, पण घरी येऊन तो पंख्याखाली उताणा पडला आणि सरिताला म्हणाला, "दुकान मोठं, गिऱ्हाईक मोठं, आणि आता याचं मनसुद्धा मोठं निघालं. मला काही ठेवलंय का या माणसाने?" सरिता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मनोजला हसू येत नव्हतं. दुकानाचा हेवा करता येतो, दुकान उद्या बसू शकतं. चांगुलपणाचा हेवा करून माणसाने जायचं कुठे?

रविवारी चांदवडच्या लॉन्सवर लग्न लागलं. मांडवाच्या एका बाजूला सामान मांडलेलं, फ्रीजवर फुलांची माळ, मागे ठसठशीत बॅनर, आहेर होम अप्लायन्सेस, पवननगर. बायका घरघंटीचं झाकण उघडून बघत होत्या. जेवणाच्या पंगती बसायच्या आधी माइकवरचा माणूस खाकरला आणि म्हणाला, "थोरले जावई मनोजराव आहेर यांच्या दुकानातून आलेलं हे भरघोस आंदण! मनोजरावांचा सत्कार नवरीचे वडील पुंजाबाबा करतील." सासूबाई, कुसाबाई, पदराने डोळे पुसत होत्या. मामांनी मनोजला फेटा बांधला आणि पाठीवर थाप मारली, "शोभलात, मोठे जावई!"

वर्षभर ज्या क्षणाची वाट बघितली, तो आला होता. मनोज खाली येऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर ललित, टाळ्या वाजवत होता. खोट्या नाहीत हो, खऱ्या, हात लाल होईपर्यंत. मनोजला ते सहन होईना.

"टाळ्या काय वाजवता, ललितराव?" तो दातओठ खात पुटपुटला. "सामान तुमचं हाय ना."

"माझं कुठलं?" ललित म्हणाला. "आणि तुमचं तरी कुठलं, मनोजभाऊ? पोरीने स्वतःच्या पगारातून घेतलंय. तिचं नाव कुणी घेतलंच नाही बघा."

मनोजने व्यासपीठाकडे बघितलं. पूजा मुंडावळ्या सावरत, हसत उभी होती. तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं, किंवा वाटलं असेल तर तिने दाखवलं नव्हतं. तिच्यासाठी एक टाळी वाजली नव्हती. मनोजला शरम वाटली, खरी शरम. आणि तेवढ्यात त्याने पाहिलं, की ललित खुर्ची मागे सरकवतोय. हा माइककडे निघाला! हेसुद्धा आधी हाच सांगणार!

मनोज असा उठला की फेट्याचा शेमला खुर्चीत अडकला. तो ओढून काढून, दोन पोरांना बाजूला सारून, तो धावतच व्यासपीठावर चढला आणि निवेदकाच्या हातून माइक हिसकावून घेतला.

"मंडळी, ऐका! हे आंदण कुठल्याच जावयाने दिलेलं नाही. पूजाने घेतलंय, तिच्या स्वतःच्या कमाईतून. आणि सामान ललितरावांच्या दुकानातलं हाय, माझा नुसता बॅनर हाय. हा फेटा तिचा."

त्याने फेटा काढला आणि पूजाच्या हातात दिला. सगळा मांडव टाळ्यांनी भरला. पुंजामामा लेकीजवळ गेले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पूजा फेटा छातीशी धरून रडायला लागली.

मनोज उघड्या डोक्याने पायऱ्या उतरला. हजार माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने मात्र सगळ्यांत आधी ललितकडे बघितलं, आता तरी जळतोय का ते बघायला.

ललित उभा राहून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात.