नवं नाक

कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत एक जुने ऑपरेटर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. शिफ्टला आले की हेल्मेट मागे सरकवून ते प्लँटमध्ये पाय ओढत एक फेरी मारतात आणि मग नव्यानं लागलेला माणूस शोधतात. त्याला पंपाजवळ उभं करून म्हणतात, "वास येतोय का, बघ जरा."

मी नवा होतो तेव्हा रोज माझीच पाळी. एकदा वैतागून म्हणालो, "मामा, तुम्ही एवढी वर्षं हितं काम करताय. तुम्हाला कळत न्हाई व्हय?"

"न्हाई कळत," ते म्हणाले. "रोजचं झालं की डोकं सांगायचंच सोडून देतंय. घरी बायको म्हणती, कपड्यांना वास मारतोय. मला कुठं काय जाणवतंय?"

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांनी पुन्हा बोलावलं. यवतहून बसनं येतानाच मी दमलो होतो. पंपाजवळ वाकून दोनदा श्वास ओढला. "काहीच न्हाई, मामा."

ते पंपाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. मग आदल्या दिवशीच कामाला लागलेल्या झाडूवाल्या मावशींना त्यांनी हाक मारली. मावशी चार पावलं लांब होत्या, तेवढ्यातच त्यांनी पदर नाकाला लावला.

मामांनी पंप बंद केला आणि गळणारं सील बदलायला माणूस बोलावला.  त्या दिवसापासून मला विचारणं त्यांनी बंद केलं.