हळदीची गाणी कोणाला द्यायची

पहिला घास तोंडात होता, आणि भिंतीएवढ्या स्पीकरमधून सगुणाबाईचा स्वतःचाच आवाज आला.

अंबरनाथला नात्यातल्या पोराची हळद होती. मैदानात मांडव, एका अंगाला जेवणाची टेबलं, दुसऱ्या अंगाला डीजे. आवाज तिचा, ठेका भलत्याचाच.

मोतीबाय गो मोतीबाय,
उपासाला सुकट खाय.

दोन ओळी पुन्हा पुन्हा फिरत होत्या आणि पोरं हात वर करून नाचत होती. बेलवलीच्या सगुणाबाईला आवाज ओळखायला वेळ लागला नाही. समोरच्या टेबलावर बसलेल्या मोतीबाईलाही लागला नाही. मोतीबाई म्हणजे सगुणाबाईच्या लेकीची, रिद्धीची सासू. तिने ताट बाजूला सारलं, पदर आवळला आणि हात न धुता निघून गेली. जाताना विहिणीकडे बघितलं नाही.

सगुणाबाईने तोंडातला घास गिळला नाही. बाहेर जाऊन थुंकला.

ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी बाई. मांडव घालताना, तेल लावताना, देवांना बोलावताना तिचं गाणं लागतं. हे ती विठा नावाच्या चुलत सासूकडून शिकली. विठाने शिकवलं असं म्हणता येणार नाही. सगुणाबाई तिच्या मागून तांदळाचं तबक घेऊन चालायची आणि कान उघडे ठेवायची, एवढंच. विठा एकदा म्हटलेली ओळ पुन्हा म्हणायची नाही. चुकलं की तबक काढून घ्यायची. सगुणाबाई तेव्हा आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून खोके भरायचे आणि संध्याकाळी मांडवात उभं राहायचं. अख्खं लग्न एकटीने पेलायला तिला बरीच वर्षं लागली. ते कष्ट कोणी मोजले नाहीत, तिनेही सांगितले नाहीत.

हळदीच्या गाण्यांत दोन प्रकार. धवले सगळ्यांसमोर म्हणायचे. विहिणीला चिडवायची गाणी मात्र बायकांत, दार लोटून. त्यांत विहिणीचं नाव घ्यायचं, तिची चाल, तिचं खाणं, तिचा देवधर्म, सगळं काढायचं. ती विहीण तिथे नसते, तिच्या घरी ती दुसऱ्या कोणाला चिडवत असते. सकाळ झाली की त्या गाण्याचं कोणी नाव काढायचं नाही. रिद्धीच्या हळदीला सगुणाबाईने असंच गाणं बांधलं होतं. मोतीबाई भजनी मंडळातली, उपासतापास कडक, म्हणून सुकट. बायका हसून लोळल्या होत्या. मोतीबाईच्या कानावर ते कधीच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईचा मुलगा अल्पेश चहा पीत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"हलदीची गानी कोनाला दिलीस?"

"कोणालाच नाही. तुझ्या बायांनाच पाठवायची होती ना, त्यांनाच."

"मग अंबरनाथच्या डीजेला माजा गला कुठून भेटला?"

अल्पेशने कप खाली ठेवला.

गाणी रेकॉर्ड केली होती ती सुनेने, भाविकाने. भाविका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. सुट्टीच्या दुपारी दोघी खोलीची दारं-खिडक्या लावून बसायच्या. पंखा बंद. घामाने निथळत सगुणाबाई म्हणायची, भाविका फोन समोर धरायची. शेजारच्याने ड्रिल सुरू केलं की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तीन वर्षं चाललं. चिडवायच्या गाण्यांना आळीतल्या बायकाही येऊन बसायच्या; ती भाविकाने वेगळी ठेवली होती, त्या फोल्डरला नाव दिलं होतं 'आतली'. बदलापूर ते अंबरनाथ पट्ट्यात सहा बाया सगुणाबाईकडून शिकत होत्या, त्यांना धवले द्यायचे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की आवाज चेपून जायचा, खालचा सूर ऐकूच यायचा नाही. अल्पेश म्हणाला, माझ्याकडे द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटांतच केलं त्याने. फुकटचं फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर असं इंटरनेटवर शोधलं. जे पहिलं आलं, त्याच्या पानावर मोठं हिरवं बटण होतं, ते दाबलं. मग जे जे विचारलं त्याला पुढे, पुढे, पुढे. कुठला फोल्डर वाटायचा, असं विचारलं तेव्हा 'आई' नावाचा अख्खा फोल्डर दाखवला. त्यात धवले होते, आतली गाणी होती, सगुणाबाईच्या आधार कार्डाचा फोटोही होता. सगळ्यांना शोधता येईल, या ओळीपुढे बरोबरची खूण आधीपासूनच होती. ती काढायची राहिली. त्या सॉफ्टवेअरने सोबत न मागितलेले आणखी दोन प्रोग्राम पाहुणे म्हणून आणले, तेव्हापासून लॅपटॉप रडत चालत होता. तेही अल्पेशने मनावर घेतलं नव्हतं.

हे सगळं भाविकाने लॅपटॉप उघडून सासूला दाखवलं. नवऱ्याला झाकायचा तिने प्रयत्न केला नाही.

"परत आन," सगुणाबाई अल्पेशला म्हणाली.

"आई, तसं होत नाही. हे एका ठिकाणी ठेवलेलं नसतं. आपल्या मशीनवरून एकाने घेतलं, त्याच्याकडून दुसऱ्याने. ज्याने घेतलं तो पुढे वाटतो. मधे कोणी मालक नाही, की त्याला सांगू काढ म्हणून."

"तू वाचलं नाय, खून बघितली नाय, आनि आथा मना शिकवतंस?"

"चूक झाली, आई."

"चूक सांभाळताना होते. तू सांभाळलंच नाय."

त्याच दिवशी ती भाविकाला घेऊन उल्हासनगरला गेली. कॅम्प दोनमध्ये कपड्याच्या दुकानांच्या मागच्या बोळात त्या हळदीच्या डीजेचं दुकान होतं. मालक धर्मेश, कानात बाळी, गादीवर बसून पोहे खात होता.

"मावशी, तुम्हीच का त्या? काय आवाज आहे. पब्लिक पागल झाली."

"कोनाला विचारून घेतलंस?"

"विचारायचं कोणाला? ओपन पडला होता माल. मी आगरी हळद टाकलं सर्चला, पूर्ण फोल्डर खाली उतरला. मला वाटलं कोणीतरी सेवा करतंय समाजाची."

"बाईचं नाव हाय त्याच्यात. गावात राहते ती."

"मावशी, नाव आहे म्हणून तर चाललं. बरं, मी डिलीट करतो, तुमच्यासमोर करतो. पण मी एकटा नाही. शहाडपासून कर्जतपर्यंत वाजतंय. रीलवालेसुद्धा आहेत."

त्याने खरोखर समोर पुसलं. मग प्लेट पुढे केली. "पोहे घ्या."

"तुज्याकडचं पानीबी नको," सगुणाबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरली. रिक्षात बसल्यावर भाविकाला म्हणाली, "घरी गेल्यावर सगलं पुसून टाक. धवलेबी. एक ठेवू नको."

घरी गेल्यावर भाविकाने पुसलं नाही. सासूने दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं.

"पुसलंस?"

"नाही."

"का नाय?"

"तुम्ही गेलात की कोण म्हणणार? त्या सहाजणींना अजून अर्धं येत नाही. विहिणीचा राग मला कळतो. पण त्यासाठी तीन वर्षांच्या दुपारी मी पुसणार नाही. पुसायचं असेल तर मोतीबाईंनी सांगावं. घाव त्यांना बसलाय."

सगुणाबाईला उलट बोललेलं सोसत नाही. ती पाटावर बसून खोबरं किसायला लागली, हाताला लागेपर्यंत किसत राहिली.

भाविकाने नवीन सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. लॅबमधल्या मैत्रिणीकडून जुना लॅपटॉप मागून आणला. गाणी नाही लावली, मिक्सरचा घरघर आवाज रेकॉर्ड केला आणि फाइलला नाव दिलं 'हळद'. एका मशीनवर ती ठेवायची आणि परक्या मशीनवरून सापडते का बघायचं. एका सॉफ्टवेअरमध्ये सगळं आधी कंपनीच्या मशीनवर चढत होतं, तिथून पुढे. ते तिने काढलं. दुसऱ्याने न विचारता डाउनलोडचा फोल्डर वाटायला काढला. तेही गेलं. तिसरं चांगलं चाललं होतं, पण बनवणारे कोण याचा कुठे पत्ता नव्हता, आणि त्यातल्या चुकांची दुरुस्ती कित्येक वर्षांत कोणी केलेली नव्हती.

"मिक्सर पाठवायला एवढं?" अल्पेश दारातून म्हणाला. "रॉकेट सोडताय काय?"

"तुमचं सुटलं ना, ते पुरे आहे," भाविका म्हणाली.

चौथं तिने बनवणाऱ्यांच्याच पानावरून घेतलं, हिरव्या बटणांच्या बाजारातून नाही. त्याचं आतलं काम उघडं होतं, कोणालाही तपासता येण्यासारखं, आणि लोक तपासत होते. काय वाटायचं ते फोल्डर एकेक करून सांगावं लागत होतं. फोन थेट दुसऱ्या फोनला गाणं देत होता, वाटेत कोणाला उघडता येणार नाही अशा बंद रूपात. मुख्य म्हणजे नवीन फोन जोडायचा तर दोन्ही बाजूंनी हो म्हणायला लागत होतं. 'हळद' परक्या मशीनवरून कितीही शोधली तरी सापडली नाही.

हे तिने सासूला समजावून सांगितलं. सगुणाबाईने एकच विचारलं.

"ज्या बाईला दिलं तिनं पुढं दिलं तर?"

"ते कुठलंच सॉफ्टवेअर थांबवत नाही."

"म्हंजे नुस्तं कुलूप."

"हो. कुलूपच. चावी कोणाला द्यायची ते तुम्ही बघायचं."

रविवारी दोघी अंबरनाथला मोतीबाईच्या घरी गेल्या. दार रिद्धीने उघडलं. डोळे सुजलेले. "आत आहेत," एवढंच म्हणाली. सासू गेले दोन आठवडे तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"बस," मोतीबाई म्हणाली.

"बसायला नाय आयलू."

"मग उभी राहून माफी मागनार?"

"माफी नाय मागत. गानं म्हनायचा माजा हक होता. दाराबाहेर न्यायचा कोनाचाच नव्हता. माज्या पोराचाबी नाय."

"गल्लीतली पोरं काय वरडतात, ठाव हाय? मंडळात गेलू तर प्रसाद वाटनारी बोलते, मोतीबाय, घे, याच्यात सुकट नाय हां."

भाविकाने मान खाली घातली. सगुणाबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"आनि रेकॉर्ड कशाला केलंस? तोंडात होतं ते बरं होतं."

"माज्यामागं कोन म्हनल?"

"माजं नाव घालून?"

"विहिनीचं नाव घातल्याबिगर ते गानं उभंच राहत नाय. तुज्या लग्नात तुज्या सासूचं नाव घातलं होतं, तू हसलीस का नाय?"

मोतीबाई हसली होती.

"मी विचारायला आयलू," सगुणाबाई म्हणाली. "तू सांगशील तर सगलं पुसतंय. धवले, आतली, सगली. तुज्यासमोर. परत फोनसमोर तोंड उघडनार नाय."

"मी पुस म्हनलं तर बाहेरचं पुसलं जातं?"

"नाही," भाविका म्हणाली.

"मग माजी अब्रू गेली ती गेलीच, वर गानीबी जातील. त्यात माजं काय भलं?" मोतीबाईने भाविकाच्या फोनकडे बोट केलं. मग म्हणाली, "लाव ते. अख्खं. मी दोन ओळीच ऐकल्यात, त्यापन त्या ढोलात."

भाविकाने फोनवर लावलं. दारं लावलेल्या खोलीतला आवाज, ठेका नाही, मागे बायकांचं हसू. सुकट झाली, मोतीबाईची चाल झाली, तिचा चष्मा झाला. रिद्धी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. मग हसू थांबलं आणि सगुणाबाईचा आवाज खाली उतरला.

मोतीबाय गो मोतीबाय,
माज्या लेकीची दुसरी माय.
उन्हात नको धाडू तिला,
भूक लागली बोलनार नाय.

गाणं संपलं. मोतीबाईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे त्या मेल्यानं का नाय वाजवलं?"

"याच्यावर नाचता येत नाय," सगुणाबाई म्हणाली.

त्यावर मोतीबाई दुप्पट चिडली. धर्मेशला, नाचणाऱ्या पोरांना, रीलवाल्यांना, सगळ्यांना तिने नावं ठेवली. भजनी मंडळातल्या बाईने ऐकू नयेत अशी ठेवली. सगुणाबाईने मधेमधे भर घातली. मग ती खाली बसली.

ठरलं ते मोतीबाईनेच ठरवलं. धवले सहाही बायांना जातील. आतली गाणी फक्त दोन फोनवर राहतील, सगुणाबाईच्या आणि तिच्या. "माजं नाव हाय, तर माज्याकडं राहूदे. कोनाला पायजे त्यानं मना विचारायचं." भाविकाने सोबत आणलेल्या लॅपटॉपवरून आतली काढून टाकली आणि मोतीबाईचा फोन जोडला. मोतीबाईला बोटाने 'हो' दाबायला लावलं आणि 'नाही' कुठे आहे तेही दाखवलं. 'नाही' तिने तीनदा विचारून घेतलं.

त्या आठवड्यात अल्पेशने घरच्या लॅपटॉपवरून जोडून बघितलं. धवल्यांचं जमलं. आतल्यांसाठी विनंती गेली आणि थोड्याच वेळात सगुणाबाईचा फोन वाजला.

"तुज्या पोराचं नाव आयलंय इथं," मोतीबाई म्हणाली. "काय करू?"

"तुजं तू बघ."

"मी 'नाही' दाबतंय."

"दाब."

अल्पेश बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर नकार आलेला त्याने बघितला.

"आई, मी घरचाच आहे ना?"

"घरचा हायस म्हनून जेवायला वाढलंय," सगुणाबाई आतून म्हणाली. "ये. भाकर थंड होते."