चादर कशी देतात ते बघून सांग

आमच्या घरात माणसं तीन आणि चादरी दोन होत्या. एक बाबांची आणि एक ताईची न् माझी. थंडीत आमची ओढाओढ चालायची, आणि सकाळी बघावं तर चादर सगळी माझ्या अंगावर, ताई गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. हीच ताई दिवसभरात सहाशे चादरींच्या घड्या घालून यायची. पुण्यात घोरपडीला, रेल्वेच्या एसी डब्यांतल्या चादरी धुणाऱ्या एका ठेकेदाराच्या लॉन्ड्रीत ती कामाला होती. आई मी फार लहान असतानाच गेली. बाबा मालधक्क्यावर हमाल. एक दिवस पोत्यांची थप्पी त्यांच्या पाठीवर आली आणि ते कायमचे बसले. मी तेव्हा पहिलीत, ताई नववीत. तिने शाळा सोडली. लॉन्ड्रीतल्या मुकादमाने सांगितलं, वय अठरा सांग. तिने अठरा सांगितलं. तिथून एकही चादर आमच्या घरी आली नाही. गेटवर झडती असायची म्हणून नव्हे. "लोकांच्या झोपायच्या आहेत त्या," ती म्हणायची, जणू माणसं झोपून उठली की मग त्या आपल्या होतील.

एका चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. तिची जोडीदारीण मंगल. दोघी दोन टोकं धरायच्या, एक झटका, मग एकमेकींकडे चालत यायच्या, परत मागे जायच्या. दिवसाला किती चालत असतील कोण जाणे. शेवटी दोन चादरी, एक अभ्रा, एक नॅपकिन खाकी कागदाच्या पिशवीत. मंगल सुट्टीवर असली की ताई एकटीच चादरीचा मधला भाग हनुवटीखाली दाबून घडी घालायची. मलाही तिने तसंच शिकवलं. कोपरे बोटभर जरी पुढेमागे झाले तर उलगडून पुन्हा. कोणती गाडी कुठे जाते, किती वाजता यार्डातून निघते, सगळं तिला पाठ होतं. दिल्ली, हावडा, जम्मू. एकदा म्हणाली, "माझ्या चादरी सगळीकडे जाऊन आल्या बघ. मीच राहिले." हसत म्हणाली होती. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि मीही हसले होते...

माझी ताई, सुनंदा, दोन महिन्यांपूर्वी गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती. मी जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, सकाळच्या मीटिंगमध्ये होते. मंगलचा फोन दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला. "छाया, गाडी सुटली गं," एवढंच ती म्हणाली. मी विमानाने पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी मंगलनेच दिला. घडीला दुसरं टोक धरणारी तीच होती, तेव्हा ते बरोबरच झालं असं मला वाटलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते आणि छाती पुढे काढूनच सांगते, कारण ते माझ्या एकटीचं नाही. आधी डिप्लोमा, मग डिग्री, मग इथे मास्टर्स. ताईचं मध्येच लग्न झालं. ते टिकलं नाही, दोन वर्षांत ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत हजर. मी जर्मनीला निघाले तेव्हा तिने बॅगेत एक खाकी पुडकं घातलं. आत दोन पांढऱ्या चादरी, अभ्रा, नॅपकिन. "दुकानातून घेतल्यात. विमानतळावर कुणी विचारलं तर सांग, रेल्वेच्या नाहीत." नऊ वर्षं झाली. त्यातली एक चादर विरली, दुसरी अजून आहे.

गेल्या दिवाळीत मी तिला म्हटलं, ताई, आता तू ये. तुला युरोप दाखवते, सगळं रेल्वेने. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिला थांबवणारं कुणी नव्हतं. मी लगेच एक्सेल शीट उघडली. म्युनिक, व्हिएन्ना, व्हेनिस, झुरिच, पॅरिस. चौदा दिवस. हॉटेलं, म्युझियमं, बोटीतली फेरी, प्रत्येक तासाला रंग दिलेला. दर रविवारी व्हिडिओ कॉल. ताईने एक दोनशे पानी वही केली होती. तिच्या रकान्यांत म्युझियमं नव्हती. गाडी, सुटायची वेळ, बदल कुठे, बदलाला किती मिनिटं, बसायला बाकडं आहे का. मी शहरांचं सांगत बसायचे आणि ती विचारायची, "त्या गाडीच्या चादरी धुतात कुठे?"

"ताई, दिवसाच्या गाड्यांना चादरी नसतात."

"मग रात्रीची गाडी घे."

मी समजावलं. रात्रीच्या गाडीत धड झोप होत नाही, डबा अरुंद, आपण हॉटेलात आरामात झोपू, दिवसा डोंगर बघत जाऊ. खरं सांगायचं तर मला तिला हॉटेलातच न्यायचं होतं. लॉबीत उभं करायचं होतं, बॅग दुसऱ्याने उचलताना बघायचं होतं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "छाये, सत्तावीस वर्षं मी लोकांच्या झोपेची तयारी करतेय. एक रात्र मला झोपू दे की. दुसऱ्याने घातलेल्या घडीवर." पुढे वाद राहिला नाही. म्युनिक ते व्हेनिस रात्रीची गाडी ठरली, तिच्यासाठी खालचा बर्थ. तिने वहीत सगळ्यात वर लिहिलं, त्याला चौकोन केला आणि वही कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवली.

जायचं ठरलं होतं मे महिन्यात. फेब्रुवारीत मला कारखान्यात टीम लीड केलं. नवी लाइन मेमध्ये सुरू व्हायची होती, आणि माझ्या हाताखाली पहिल्यांदाच सहा माणसं होती, त्यातली चार इथली, जर्मन. मी ताईला म्हटलं, सप्टेंबरमध्ये निवांत जाऊ. तिने वही पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "तू साहेब झालीस. साहेबाच्या सोयीने जाऊ." टोमणा होता की कौतुक, मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं दोन्ही होतं. माझ्या शीटमध्ये गाडी चुकली तर काय, पाऊस आला तर काय, पासपोर्ट हरवला तर काय, सगळ्याची सोय होती. मेचं सप्टेंबर करताना मला एकदाही कसली भीती वाटली नाही.

मग व्हिसाचे कागद. इथून मला हमीपत्र पाठवायचं होतं, की पाहुणीचा खर्च आणि जबाबदारी माझी. जर्मनमध्ये त्याला फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. ताईने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. "केवढा गं हा! याला मध्ये बदल नाही का?" तिच्या बाजूने नोकरीचं पत्र हवं होतं. तेव्हा कळलं की ती तिथे काम करते असा एकही कागद नाही. तीन ठेकेदार बदलले, बाई तीच. मॅनेजर म्हणाला, "तुला कशाला पाहिजे कागद? तुला कोण विचारतंय?" ताई म्हणाली, "जर्मनी विचारतंय." लॉन्ड्रीभर ते वाक्य महिनाभर फिरत होतं, मंगल अजून सांगते. शेवटी त्याने पत्र दिलं. सदर महिला आमच्याकडे काही काळापासून काम करते. ताईने ते मला फोनवर वाचून दाखवलं. 'काही काळापासून'वर थांबली, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "चालेल ना गं तेवढं?"

चाललं. पण तोवर वहीतला हिशेब बदलायला लागला होता. जूनमधल्या एका रविवारी ती म्हणाली, झुरिचला बदल बारा मिनिटांचा आहे, वाढव. मी अर्ध्या तासाची गाडी शोधली. पुढच्या रविवारी, तासाची बघ. मला गंमत वाटली. म्हटलं, "ताई, इथले प्लॅटफॉर्म आपल्यासारखे नाहीत, समोरासमोर गाडी मिळते." ती म्हणाली, "तरी पण." मग विचारलं, लिफ्ट आहे का सगळीकडे. मग एकदा, "पॅरिस काढून टाक. लांब आहे." पुढच्या वेळी झुरिच. मी चिडले. हे बघून यायला लोक आयुष्यभर थांबतात, आणि तू भाजी निवडल्यासारखी शहरं काढून टाकतेस! शीटमधला एकेक रंग मी पुसत गेले आणि मला कळलं नाही. मी इंजिनिअर. मशीनच्या आवाजात जरासा फरक पडला तर मला कळतो... व्हिएन्नाही गेल्यावर मी मंगलला फोन केला. मंगल रडायला लागली. पोटात गाठ होती. एप्रिलपासून दुखत होतं, जूनमध्ये कळलं होतं आणि ताईने तिला शपथ घातली होती.

ऑगस्टमध्ये मी दहा दिवस जाऊन आले. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात ती इतकी बारीक दिसत होती की मी आधी पुढच्या खाटेकडे गेले. पण जीभ तशीच होती. चादर बदलायला आलेल्या मावशींना म्हणाली, "अहो मावशी, कोपरा आत घाला. सुटलेला कोपरा पेशंटला रात्रभर टोचतो." मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्हीच या उद्यापासून ड्युटीला." दोघी हसल्या. ताईला हसताना दुखलं. पासपोर्ट त्याच आठवड्यात घरी आला होता, व्हिसा लागून. मी तो तिच्या हातात दिला. तिने पान उलटून स्वतःचा फोटो बराच वेळ बघितला. "बरा आलाय," म्हणाली आणि पासपोर्ट उशाखाली सरकवला.

मी म्हटलं, "ताई, मेमध्ये जायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं."

ती नाही म्हणाली नाही. माझं मन राखायला ती कधीच खोटं बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. "हो, राहिलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिकीट रद्द करू नकोस."

"मग काय करू?"

"तू जा. चादर कशी देतात ते बघून सांग."

माझी सुट्टी संपली. मी परत आले, आणि पुढचं वर लिहिलंच आहे. तेरावा करून इंगोलश्टाटला आले तेव्हा गाडीला पाच दिवस उरले होते. येताना तिच्या घरातून मी फक्त वही आणली. पहिल्या पानावर चौकोन, त्यात म्युनिक ते व्हेनिस. खाली व्हिएन्ना, झुरिच, पॅरिस, एकेका रेघेने खोडलेली. रेघा पट्टी लावून मारल्या होत्या.

मी गेले. म्युनिकच्या हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनवर, एक तास आधीच पोचले, ती पोचली असती तशी. बाकडं होतं. ताईचा खालचा बर्थ आणि त्याच्यावरचा माझा. दोन्ही अंथरले. कंपार्टमेंटमध्ये चादरी दोन होत्या आणि माणूस एक. मी खाली झोपले.

तर ताईने विचारलं होतं ते असं. चादर प्लास्टिकच्या पिशवीत देतात, कागदाच्या नाही. पातळ असते, आपल्या रेल्वेच्या चादरीहून पातळ, पण स्वच्छ. डाग नव्हता. घडी मशीनने घातलेली, कडा सरळ आणि कोपरे बोटभर पुढेमागे. ताईने ती उलगडून पुन्हा घातली असती, आणि मग तिच्या प्रवासाचा मतलबच राहिला नसता. पांघरायला वर एक ब्लँकेट. उशी लहान. झोप मला तुकड्यातुकड्यांनी लागली. ते आधीच सांगितलं होतं मी तिला.

सकाळी उजाडलं तेव्हा गाडी पाण्यावरच्या पुलावर होती, दोन्ही बाजूंना नुसतं करडं पाणी. डब्यातली अटेंडंट कॉफी घेऊन आली. मी उभी राहून चादरीचा मधला भाग हनुवटीखाली दाबला होता आणि दोन्ही हात फाकवले होते. जागा कमी, कोपर दाराला लागत होतं. ती म्हणाली, राहू द्या, हे सगळं धुवायलाच जातं. मी म्हटलं, "या, गेनाऊ," म्हणजे हो, बरोबर. "मला माहीत आहे." ती कॉफी ठेवून गेली. पहिल्या खेपेला कोपरे जुळले नाहीत. उलगडून पुन्हा घातली. मग वरच्या बर्थची घातली. दोन्ही खालच्या बर्थच्या पायथ्याशी एकावर एक ठेवल्या, वर अभ्रे.

मग व्हेनिस आलं आणि मी उतरले. ताईच्या वहीतली पहिली गाडी झाली.