विदूदादाचं न बिघडलेलं पोट

विदूदादाच्या मुलाचा, निहारचा, फोन आला तेव्हा मी अबूधाबीत, अल रीम आयलंडवर एका मित्राच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी उभा राहून विदूदादाचीच गोष्ट सांगत होतो. बोलोन्याची. डावा हात पोटावर, गुडघे वाकलेले, डोळे पांढरे... दहा-बारा माणसं हसत होती, आणि गोष्ट नेमकी नन येते त्या जागी आली होती. खिशात फोन थरथरला. काढून पाहिला, निहारचं नाव वाचलं आणि परत खिशात टाकला. नन यायची होती ना अजून! दुसऱ्यांदा थरथरला तेव्हा नन येऊन गेली होती, हशा झाला होता, म्हणून उचलला. “काका, कॅन यू कम? बाबा... ही इज नॉट...” लिफ्टने बावीस मजले उतरलो. खाली पार्किंगमध्ये गाडीची किल्ली शोधताना लक्षात आलं, डावा हात अजून पोटावरच होता.

विदूदादा माझा मावसभाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि सर्व बाबतींत शहाणा. पुण्याहून दुबईला आधी तो आला, मग त्याने मला ओढून आणलं. तो डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मी सिलिकॉन ओएसिसमध्ये. मधलं अंतर गाडीने अर्धा तास, पण आमच्या दोन्ही घरांत मीठ संपलं तरी एकमेकांना कळायचं. त्याची ओळख एका वाक्यात करून द्यायची तर, हा माणूस कधी कुठे आधी शिरला नाही. लिफ्टचं दार उघडलं की बाजूला सरून उभा. “तुम्ही व्हा पुढे.” बुफेच्या रांगेत, पासपोर्टच्या रांगेत, सगळीकडे तेच. मेधावहिनी म्हणायची, “लग्नातसुद्धा भटजींना म्हणाला असता, आधी दुसऱ्या कुणाचं लावून घ्या.” आणि खांद्याला कायम एक स्टीलचा थर्मास. दुबईत पावलापावलावर करक चहा मिळतो, तरी हा घरचा चहा घेऊन हिंडायचा. कप कधी नसायचा. थर्मासच्या झाकणात ओतायचा आणि पहिलं झाकण समोरच्याला द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या सुटीत आम्ही पाच जण इटलीला गेलो. तो, वहिनी, त्यांचा निहार, मी आणि माझी बायको सुजाता. रोम-व्हेनिस सगळेच करतात, आपण बोलोन्याला जाऊ, खाण्याचं गाव आहे, असं मी सुचवलं. माझा सगळा भूगोल पोटातून जातो. तिथे गेल्यावर कळलं की त्या गावाच्या खाण्यात वहिनीने खावं असं फारसं काही नाही. दुकानादुकानांत गुलाबी, तक्क्याएवढे मांसाचे लोड टांगलेले. वहिनी पक्की शाकाहारी, विदूदादा लग्नानंतर तिच्यासाठी झालेला. शेवटी एका खानावळीत चीज भरलेली, लोणी आणि कसल्याशा पानांत घोळवलेली पिटुकली करंजीसारखी पुरचुंडी मिळाली, आणि मग पाच दिवस तेच. वहिनीला ते गाव वेगळ्याच कारणाने आवडलं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे, मैलोन्‌मैल. “आपल्याकडे सावली एसीची असते,” ती म्हणाली, “इथे दगडाची आहे. हिला बिल येत नसेल.” निहारला वाटलं, गाव ओल्ड आहे पण वायफाय डिसेंट आहे. सुजाताच्या मते तिथल्या बायका सायकलीवरसुद्धा इस्त्री केलेल्या दिसतात. आता आठवताना आम्ही पाच जण पाच वेगळ्या गावांना जाऊन आलो असं वाटतं, आणि विदूदादा कुठल्या गावाला गेला होता ते कुणालाच नीट माहीत नाही.

त्या गावाबाहेर टेकडीवर एक चर्च आहे. खालपासून थेट वरपर्यंत छपराखालून जाणारी वाट, शेकडो कमानींची. वहिनीला त्या चढाचं वेड लागलं. अठरा वर्षं सपाट वाळूवर राहिलेल्या बाईला चढ म्हणजे काय वाटत असेल... आम्ही दुबईकर म्हणजे बेसमेंटमधून गाडीत आणि गाडीतून बेसमेंटमध्ये. चालायचं असेल तर मॉलमध्ये जातो. त्यामुळे पहिल्या पन्नास कमानींतच सगळ्यांना धाप लागली. हे मी मुद्दाम सांगतोय. सगळ्यांनाच लागली होती. वहिनी, सुजाता आणि निहार कमानी मोजत पुढे गेले. मी विदूदादाबरोबर मागे राहिलो, आणि ते बंधुप्रेम वगैरे नव्हतं, माझी ढेरी होती.

निम्म्यावर तो एका पायरीवर बसला. “नंदू, तू हो पुढे.”

“पुढे होण्याएवढा दम असता तर तुझ्याजवळ कशाला थांबलो असतो?”

तो हसला. वारा गार होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. काय होतंय विचारलं तर म्हणाला, “काही नाही रे. जरा बसतो. मेधाला बोलू नकोस, ती अर्ध्यातून परत फिरेल. पोट बिघडलं म्हण. पोटावर सगळ्यांचा विश्वास बसतो.” मग थर्मास उघडून चहा ओतला, पहिलं झाकण मला दिलं, दुसरं स्वतः घेतलं. आम्ही पाऊण तास तिथे होतो. मग त्याचा रंग परत आला आणि आम्ही खाली उतरलो.

त्या संध्याकाळी जेवताना मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. खाण्याच्या राजधानीत येऊन आमच्या दादाचं पोट कसं दगा देतं, साडेतीनशे कमानी ओलांडल्या पण बाथरूम एका कमानीत नाही... सगळे हसले, विदूदादा सगळ्यांत जास्त. त्याच्या डोळ्यांत मला शाबासकी दिसली, आणि माझ्यासारख्या माणसाला शाबासकी मिळाली की तो थांबत नाही. गणपतीत सांगितली तेव्हा गोष्टीत एक कुत्रं आलं. कोजागिरीला नन आली, हातात चर्चची किल्ली घेऊन. पुढे त्या ननने त्याच्या पोटावर हात ठेवून लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटलं. विदूदादा समोर बसलेला असला की मी त्याची नक्कल त्याच्यादेखत करायचो, डावा हात पोटावर धरून. तोही तसाच हात धरून दाखवायचा. दोन वर्षांत आमच्या ओळखीत एक माणूस उरला नाही ज्याला विदूदादाचं पोट माहीत नव्हतं. परत आल्यावर एकदा मी पार्किंगमध्ये त्याला विचारलं होतं, “दाखवलंस का डॉक्टरला?” म्हणाला, “खलास, दाखवलं, ॲसिडिटी आहे.” मी गाडी सुरू केली. तेवढंच.

पाच आठवड्यांपूर्वी, शनिवारी दुपारी, वहिनीने त्याला खाली ग्रोसरीत कोथिंबीर आणायला पाठवलं. दारात तो थबकला. दुकानातल्या केरळी भाईने खुर्ची पुढे केली आणि काय हवं विचारलं. विदूदादा म्हणाला, “पहले इनको दे दो,” आणि मागच्या बाईकडे बोट दाखवून खुर्चीत बसला. भाईने तिचं सामान बांधून मान वर केली तेव्हा...

दिवसकार्य झालं, पुण्याची माणसं आली, गेली. मागच्या शनिवारी मी डिस्कव्हरी गार्डन्सला गेलो. सुजाता आणि निहार बँकेच्या कागदांत डोकं घालून हॉलमध्ये बसले होते. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिने कोथिंबिरीची एक जुडी ओट्यावर ठेवली होती, धुतलेली, न निवडलेली. पहिली जुडी भाईने दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली होती म्हणे, पैसे न घेता. ती टाकवली नाही म्हणून आता दर आठवड्याला एक आणते आणि तीही वापरवत नाही. “मी पाठवलं, भाऊजी,” ती म्हणाली. “कोथिंबिरीवाचून काय अडलं होतं? चार मजले जिन्याने उतरला, लिफ्टमध्ये गर्दी होती म्हणून. इतरांना पुढे जाऊ दिलं असणार. मी पाठवलं नसतं तर...”

तेव्हा मी बोललो. “वहिनी, बोलोन्यात त्याचं पोट बिघडलं नव्हतं.”

ती म्हणाली, “ते मला माहीत होतं. पोट बिघडलेला माणूस रात्री दोन प्लेटा खातो का? मला वाटलं, तुम्ही दोघांनी ते गुलाबी खाल्लं.”

“काय?”

“ते टांगलेलं. मला चोरून. दोन वर्षं मनात धरून होते मी.” आणि तिला हसू आलं, मलाही आलं. हॉलमधून निहार ओरडला, “गाइज, इज एव्हरीथिंग ओके?” तेव्हा कळलं की आम्ही दोघं रडतोय.

मग मी तिला सगळं सांगितलं. पायरी, घाम, गार वारा. ती वकिलासारखी विचारायला लागली. किती वेळ बसला? बोलताना अडखळत होता का? आणि मग, “हात कुठे होता त्याचा?”

हा प्रश्न का आहे ते मला समजत होतं. हात छातीवर असेल तर दुखणं दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. कोथिंबिरीचा दोष नाही, जिन्याचा नाही, तिचा नाही. दोष ज्याने गोष्ट रंगवली त्याचा. सांगायला काय लागतं? ज्याने नन उभी केली त्याला एक हात छातीवर ठेवणं जड नाही. मी डोळे मिटून ती पायरी आठवायला लागलो, आणि दिसला तो मी. पोट धरून वाकलेला, डोळे पांढरे केलेला मी. त्याच्या जागी सगळीकडे मीच बसलो होतो. कुत्रं खरं होतं की काय, हेही मला सांगता येईना. नन नव्हती, एवढं नक्की... बहुतेक नक्की.

वहिनी म्हणाली, “भाऊजी, खोटं सांगू नका. एरवी चालतं.”

“उजव्या हातात थर्मासचं झाकण होतं,” मी म्हणालो. “ते नक्की. चहाची वाफ त्याच्या चष्म्यावर आली होती.”

“आणि डावा?”

“डावा नाही आठवत.”

“म्हणजे कोथिंबिरीमुळे नाही?”

“बहुतेक नाही.”

“बहुतेक,” ती म्हणाली. मग जुडी पुढ्यात ओढली आणि निवडायला घेतली. देठ एकीकडे, पानं एकीकडे. अर्धी निवडून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, “एक हात तरी खरा सांगितलात.”

निघताना तिने चहा केला. शेगडीवरून सरळ कपात ओतता आला असता, पण तिने आधी तो त्या थर्मासमध्ये भरला, झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, आणि मग झाकणात ओतून मला पहिलं दिलं. मी ते उजव्या हातात धरलं. डावा हात दोन वर्षांच्या सवयीने आपोआप पोटावर गेला. वहिनी बघत होती. मी तो उचलला, आणि उचललेला हात कुठे ठेवायचा ते मला कळेना. चहा संपेपर्यंत तो तसाच अधांतरी राहिला.