थोरल्या साडूंचा अमेरिकन बेस

संशय हा रोग असेल, तर त्या रोगावर पोसलेला आमच्या थोरल्या साडूंइतका धडधाकट माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. गिरगावातली खोली सोडून ते मीरा रोडला शांती नगरात राहायला आले, तेव्हा बिल्डरने दिलेला नकाशा त्यांनी बाजूला ठेवला आणि शिंप्याकडून आणलेल्या टेपने सगळा फ्लॅट स्वतः मोजला. माप बरोबर निघालं. मग त्यांनी टेपवरच संशय घेतला आणि दुसरी आणली. नारळ ते दोन दुकानांत हलवून तिसऱ्या दुकानात घेत. घड्याळ रेडिओच्या वेळेवर लावत, पण रेडिओवाल्यांचं घड्याळ कोण तपासतं, असं पुटपुटल्याशिवाय किल्ली देत नसत. स्टेशनबाहेर रिक्षात बसले की स्वतःच्याच घराचा रस्ता रिक्षावाल्याला विचारत. तो सरळ सांगतो की फिरवून, याची ती परीक्षा असे. देवाने नोकरीही विचार करूनच दिली होती. विम्याच्या कचेरीत ते दावे तपासत. माणूस खरोखर गेला आहे हे यांना पटवणं मरण्यापेक्षा अवघड, असं त्यांच्या कचेरीतले लोक म्हणत.

असा माणूस रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं, कारण तोवर त्यांनी मला तेवढं जवळचं मानलं नव्हतं. गिटार म्हणजे नेहमीची नव्हे, बेस. चार जाड तारा आणि गाण्याच्या तळाशी घुमणारा आवाज. तो चालू असतो तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. थांबला की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. कार्यक्रमाला आलेल्या बायका मला हमखास विचारायच्या, की ते मागचे काका नुसते उभे का आहेत. साडूंचं जुनं वाद्य इथल्याच एका कारागिराने केलेलं होतं आणि पावसाळा आला की त्याची मान वाकायची. साडूंचा जीव मात्र एका अमेरिकन कंपनीच्या बेसवर जडला होता. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. साडू वाचतील आणि मला त्यासाठी किती मिळाले याची चौकशी करतील.

या प्रेमात एक मोठी अडचण होती. त्याच सुमारास त्याच नावाचा, त्याच रंगाचा, त्याच घाटाचा, पण कोरियात बनवलेला स्वस्तातला बेस बाजारात येऊ लागला होता. वरवर पाहता फरक एवढाच, की वाद्याच्या डोक्याच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत देशाचं नाव वेगळं असायचं. साडूंच्या मते हा समस्त मनुष्यजातीविरुद्धचा कट होता. "चेहरा तोच ठेवायचा आणि आतला माणूस बदलायचा," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्रात किबोर्ड आला. किबोर्डवाला पोरगेलासा होता, पण डाव्या हाताने बेसचंही काम उरकायचा. मग वेगळा माणूस कशाला, असं मालकांच्या मनात आलं. त्यांनी साडूंना लग्नसराईपर्यंत मुदत दिली. दणदणीत आवाजाचं वाद्य आणा, नाहीतर थांबा. हे मला सांगताना साडूंचा आवाज इतका खाली गेला की मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. आठवड्याचे सहा दिवस ते दुसऱ्यांच्या कागदांत खोट शोधत. रविवार तेवढा त्यांच्या स्वतःच्या सुखाचा होता.

माझ्या कचेरीतल्या एकाचा भाऊ जहाजावर होता. त्याच्याकडे तो बेस असल्याचं कळलं आणि मी तो भाईंदरला घरी आणला. पेटी उघडली, तर काय सुंदर वस्तू! उलटा करून पाहिला, तर डोक्यामागे बोटभर चिकटपट्टी आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरांत कोरिया. मी तासभर विचार केला आणि मग बाल्कनीत बसून ती पट्टी नखाने खरवडली. उरलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसला आणि अस्सल अमेरिकन म्हणून बेस साडूंच्या हवाली केला. आयुष्यात मी एवढी एकच लबाडी मन लावून केली आणि ती नेमकी दावे तपासणाऱ्या माणसाशी केली.

पुढचे दोन महिने साडूंनी बेस वाजवला नाही, तपासला. भिंगातून पाहिला. स्क्रू काढून आत पाहिला. लाकूड अस्सल असेल तर जड असणार म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूवर चढवला. नाक लावून म्हणाले, रॉकेलचा वास येतोय. जहाजातून आलाय ना, मी म्हणालो. यावर त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. अस्सल असल्याची खात्री पटेपर्यंत तारेला हात लावायचा नाही, असा त्यांनी हट्ट धरला आणि इकडे मालकांची मुदत संपत आली.

शेवटी बायकोने मला बजावलं, की खरं सांगून टाका, निदान वाजवतील तरी. मी रिक्षा करून शांती नगरला गेलो आणि सगळं कबूल केलं. पट्टी, नख, रॉकेल, सगळं. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं आणि विचारलं, "तुला कोणी पाठवलं? किबोर्डवाल्याने?"

मी शपथा घेतल्या. त्यांचं म्हणणं एकच, की खोट्या मालाला खोटं म्हणायला कोणी भाईंदरहून रिक्षा करून येत नाही. ज्याअर्थी मी आलो, त्याअर्थी माल अस्सल आहे आणि कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतो आहे. त्याच संध्याकाळी त्यांनी बेसच्या तारा जुळवल्या.

काशीगावात एका जुन्या आगरी घरात हळद होती. साडू राहणार की जाणार ते तिथेच ठरवू, असं मालकांनी सांगितलं होतं. साडूंनी मला मुद्दाम बरोबर नेलं. मी कोणाशी बोलतो ते त्यांना डोळ्यांसमोर हवं होतं. मला जागा मिळाली ती नवरीच्या आजोबांशेजारी. एके काळी मिठागरं आणि भातशेती सांभाळलेला हा म्हातारा कमी ऐकू येत असल्यामुळे बोलायचा मांडवभर ऐकू जाईल असं. घरातली शेवटची आज्ञा त्याचीच. त्याच्यापुढे एक मोठा पंखा लावला होता. दोन गाणी साडूंनी जीव ओतून वाजवली. तिसऱ्याला मालकांनी त्यांना थांबायची खूण केली आणि किबोर्डवाल्याचा डावा हात सुरू झाला. साडू तारांवर तळवा ठेवून उभे राहिले. त्यांच्याकडे बघवेना. त्याच वेळी कुणीतरी म्हाताऱ्यापुढचा पंखा नवरीकडे वळवला, आणि म्हातारा हात वर करून कडाडला, "मंगाशी बेस व्हता, आता न्हाय!"

तिकडच्या बोलीत बेस म्हणजे छान, झकास. म्हातारा वाऱ्याबद्दल बोलत होता. मंचावर मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने साडूंना खूण केली आणि साडूंची बोटं पुन्हा तारांवर पडली. मी पंखा जागेवर वळवला. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "हां, आता बेस हाय." मालकांनी वरूनच हात जोडले.

परतताना रिक्षा काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकली होती. साडूंनी बेसच्या पेटीची कडी दोनदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, नाही का?" नव्हतं, मी म्हणालो. एकदा खरं सांगून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा माझा धीर झाला नाही. खरं तर इच्छाही झाली नाही.

साडू त्या ऑर्केस्ट्रात आणखी सहा वर्षं वाजवत राहिले. मग ऑर्केस्ट्राच बंद पडला. पुढे कधीतरी तो म्हातारा गेल्याचं कळलं, तेव्हा साडू मला घेऊन काशीगावात समाचाराला गेले. एरवी मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा हा माणूस ओटीवर थोरल्या मुलाचा हात धरून बसला आणि म्हणाला, "तुमच्या वडिलांना कान होता हो. एवढ्या गर्दीत एकट्या त्यांना माझा बेस ऐकू आला."

मुलगा गोंधळला. बापाला कसं ऐकू यायचं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने साडूंच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "व्हता, काका. लय चांगला कान व्हता."

साडूंनी मान हलवली आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही.